फाबुलोसोस कालावेरा: स्काच्या गोधडीचा धावदोरा

लोस फाबुलोसोस कादिलाक्स हा अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसचा बँड, मुळात स्का वाजवणारा. स्का म्हणजे जमैकात जन्मलेला नाचरा संगीतप्रकार. त्यांचा १९९७ चा 'फाबुलोसोस कालावेरा' हा अल्बम 'लॅटिन स्का' असा शिक्का बघून लावलात, तर पहिलंच गाणं तो शिक्का उपटून टाकतं. गाण्याचं नाव 'एल मुएर्तो', म्हणजे मेलेला माणूस. त्यात ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी फुंकवाद्यं आहेत, लॅटिन तालवाद्यं आहेत आणि हार्डकोर पंकचा, म्हणजे अतिवेगवान, खरबरीत रॉकचा आरडाओरडाही आहे. एकातून दुसऱ्यात जाताना कुणी आधी हात दाखवत नाही. पुढे टँगो येतो, सालसा येतो, सर्फ रॉकची गिटार येते, जॅझ डोकावतो, रेगेचा संथ झोका येतो. स्का सगळीकडे मुरलेला आहे, पण सरळ, सलग असा फार थोड्या जागी.

असे अल्बम आले की परीक्षणात प्रकारांची यादी येते आणि शेवटी 'अफलातून मिश्रण' असं लिहून विषय संपतो. यादी कुणीही करेल. गोधडीत किती लुगड्यांचे तुकडे लागलेत हे मोजून ती किती टिकेल ते कळत नाही, ती उलटी करून धावदोरा बघावा लागतो. इथे तेच बघू: एका तालातून दुसऱ्या तालात जाताना हा बँड नेमकं काय करतो, कुठे टाका घट्ट बसतो आणि कुठे उसवतो.

थोडी पार्श्वभूमी लागेल. पहिला अल्बम १९८६ चा, 'बारेस इ फोन्दास'. त्या वेळी हे सरळसरळ इंग्लंडच्या टू टोन स्काच्या, म्हणजे पंकची धार लागलेल्या स्काच्या, वळणाचे होते. १९९२ च्या 'एल लेओन'मध्ये ते लॅटिन अमेरिकेच्या तालांकडे पुरते वळले. १९९३ च्या 'वासोस वासिओस' या संग्रहात 'मातादोर' हे नवं गाणं आलं आणि सगळ्या खंडात गाजलं. १९९५ चा 'रेय आसूकार' बहामातल्या नॅसॉच्या कंपास पॉइंट स्टुडिओत झाला. निर्माते होते टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचे क्रिस फ्रांट्झ आणि टीना वेमाउथ, पाहुण्यांत द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा मिक जोन्स, गायिका डेबी हॅरी आणि जमैकाचा बिग यूथ. तो अल्बम चकचकीत, नाचवणारा. त्यानंतर त्याच वाटेनं अजून एक अल्बम काढला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. यांनी 'कालावेरा' काढला. १९९८ मध्ये ग्रॅमीत लॅटिन रॉक आणि पर्यायी संगीतासाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला गेला आणि तो याच अल्बमला मिळाला. इतक्या अवघड अल्बमला मिळाला याचं आजही नवल वाटतं.

नावातही खोडी आहे. स्पॅनिशमध्ये 'कालावेरा' म्हणजे कवटी, आणि बोलीत रात्र रात्र उंडारणारा रंगेल माणूसही. अर्जेंटिनात एक म्हण आहे, 'कालावेरा नो चिया': रात्रभर मजा मारणाऱ्यानं सकाळी कुरकुर करू नये. मरण आणि मौज हे दोन्ही अर्थ गाण्यांतून आलटूनपालटून भेटत राहतात.

वाजवणारी माणसं लक्षात ठेवली तर ऐकणं सोपं जातं. गायक विसेन्तिको, बास गिटार सेन्योर फ्लाविओची. गाणी मुख्यत्वे या दोघांचीच. ड्रमवर फेर्नान्दो रिच्चार्दी, तालवाद्यांवर तोतो रोत्ब्लात, कीबोर्डवर मारिओ सिपेर्मान. ब्रासच्या फळीत सेर्खिओ रोत्मानचा सॅक्सोफोन, दानिएल लोसानोचा ट्रम्पेट, फेर्नान्दो आल्बारेदाचा ट्रॉम्बोन. आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल गिटारवर: आरिएल मिनिमाल नव्यानं आलेला. तो 'पेस' नावाच्या जड, वळणावळणाच्या रॉक बँडचा माणूस. अल्बमचं वजन कुठून आलं याचं निम्मं उत्तर या एका नावात आहे.

आता टाके तपासायचे तर थोडी मोजदाद करावी लागेल. ताल मोजायची सवय असलेल्यांना ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. चारचे दोन आवर्त घ्या आणि प्रत्येक ठोक्याचे दोन भाग करा, म्हणजे तीनतालाइतक्या १६ मात्रा झाल्या. पाय पडतो तो विषम मात्रांवर: १, ३, ५, ७ असं करत १५ पर्यंत. स्काची गिटार पाय पडतो तिथे गप्प असते आणि सगळ्या सम मात्रांवर वाजते: २, ४, ६, ८ करत १६ पर्यंत. गिटारच्या या तुटक, वरच्या दिशेनं मारलेल्या फटक्याला वाजवणारे 'स्कँक' म्हणतात. स्काचा प्राण एवढाच आहे. बाकी काहीही बदला, सम मात्रांवरचा हा फटका राहिला तर स्का राहतो.

मग दुसरा कुठलाही ताल स्काशी किती सहज सांधला जाईल हे ठरवायला एकच हिशेब पुरतो: त्या तालाचे मुख्य आघात स्कँकच्या मात्रांशी किती जुळतात?

हार्डकोर पंक घ्या. त्याच्या सर्वात वेगवान ठेक्यात विषम मात्रांवर पायानं वाजणारा मोठा बास ड्रम आणि सम मात्रांवर स्नेअर, म्हणजे काडीनं वाजणारा कडक आवाजाचा छोटा ड्रम. म्हणजे स्कँकची प्रत्येक जागा स्नेअरची जागा आहे. आठच्या आठ जुळतात. गिटारनं फटका सोडून सलग रगडायला सुरुवात केली आणि तोच फटका स्नेअरनं उचलला की झालं, श्रोत्याच्या पायाला काही बदलल्याचं कळतही नाही. जगभरच्या स्का बँडना पंककडे जायचा मोह होतो त्यामागे बंडखोरी वगैरे असेलच, पण हा हिशेबही आहे. 'कालावेरा'त स्का आणि हार्डकोर जिथे भेटतात ते जोड म्हणूनच सगळ्यात गुळगुळीत वाटतात. श्रेय रिच्चार्दीला द्यायला हवं, कारण या वेगात स्नेअर जराही मागे पडला तर सगळं चिखलात रुतल्यासारखं होतं. त्याचा पडत नाही.

टँगोचं गणित वेगळं. आस्तोर पियात्सोलाच्या धाटणीच्या टँगोत आठ मात्रांची विभागणी ३, ३ आणि २ अशी पडते, म्हणजे आघात १, ४ आणि ७ वर. स्कँकशी जुळते ती फक्त चौथी मात्रा. तीनात एक. अल्बममध्ये त्याच्या नावाचंच गाणं आहे, 'पियात्सोला'. १९९२ मध्ये वारलेल्या या संगीतकाराला बँडनं दिलेली ही मानवंदना आहे, आणि असल्या मानवंदनेत बहुतेक जण दोन चुका करतात. एक, बँडोनिऑनचा, म्हणजे टँगोतल्या भात्याच्या वाद्याचा, सूर आणून लावतात आणि खाली ड्रम नेहमीच्याच चारच्या ठेक्यात कुटत राहतात, मग टँगो केवळ वरून शिंपडलेल्या कोथिंबिरीसारखा दिसतो. दोन, उलट टोकाला जाऊन स्का पूर्ण टाकून देतात आणि मग ते गाणं या अल्बममध्ये का, हे कळत नाही. तोड एकच: बासनं १, ४, ७ धरायचं आणि ती चौथी मात्रा दोघांची सामायिक खुंटी म्हणून ठोकायची. गाणं ऐकताना चार मोजत बसू नका, ३-३-२ मोजा. कुठे जड आणि कुठे हलकं ते लगेच उलगडतं.

सालसा सगळ्यात अवघड. तिच्या मुळाशी असते क्लावे, दोन लाकडी काठ्यांवर वाजणारी पाच आघातांची किल्ली. वरच्या १६ मात्रांत ती १, ४, ७, ११ आणि १३ वर पडते. स्कँकशी तुलना करा: सम मात्रा फक्त एक, चौथी. पाचात एक. म्हणूनच सालसावर थेट स्कँक चढवला की कान बिथरतो. काठ्या एकीकडे ओढतात, गिटार दुसरीकडे.

यातून सुटका आहे. लय तीच ठेवून भार निम्मा करायचा. गिटार प्रत्येक सम मात्रेवर मारायच्या ऐवजी ३, ७, ११ आणि १५ वर मारते. हा झाला रेगेचा फटका. वेग तोच, पण दुगुनीतून ठायीत आल्यासारखं वाटतं. आता क्लावेशी ताडून बघा: ७ आणि ११, दोन आघात जुळतात. एकाचे दोन झाले. स्कातून सालसात जायचं असेल तर मध्ये रेगेची पायरी का लागते, याचं हे उत्तर आहे. ज्या लॅटिन स्का बँडना ही पायरी ठाऊक नसते ते ड्रमचा एक मोठा गडगडाट करून उडी मारतात. गडगडाट म्हणजे शिवण न जमल्यावर वरून लावलेली पट्टी.

'कालावेरा'त अशी पट्टी अजिबात नाही असं म्हणणं खोटं होईल. काही गाण्यांत वळण आलं की सगळे थांबतात, एक क्षण शांतता, आणि पलीकडे वेगळंच काहीतरी सुरू. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं आणि मजा येते. तिसऱ्यांदा ऐकताना त्या जागा आधीच ठाऊक असतात, आणि मग त्यातले काही थांबे गरजेचे होते आणि काही सोयीचे, हा फरक दिसायला लागतो. चित्रपटात एक दृश्य कापून दुसरं जोडावं तशी ही पद्धत आहे आणि बँडनं ती जाणूनबुजून वापरली आहे. तरीही जिथे मात्रा जुळवून वळण घेतलंय त्या जागा जास्त टिकतात. कापून जोडलेल्या जागांचं नावीन्य लवकर विटतं.

जॅझकडे जाणारी वाट मात्रेची नाही, मात्रेच्या जागेची आहे. सरळ वाजवताना ठोक्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर, मधली मात्रा पडते. स्विंगमध्ये ती मागे सरकून साधारण ६६ टक्क्यांवर जाते. १९६० च्या दशकातला मूळ जमैकन स्का अशा झुलत्या चालीचाच होता, कारण तो वाजवणारे पुष्कळसे जॅझमधूनच आले होते. म्हणजे जॅझ आणि स्का हे परके नाहीत, एका घरातून वेगळे झालेले भाऊ आहेत. पण वेग वाढला की झुलायला जागा उरत नाही आणि मधली मात्रा आपोआप मध्यावर येऊन बसते. म्हणून या अल्बममध्ये जॅझचा रंग भेटतो तो लय उतरल्यावर. वेगवान भागांत ब्रास जॅझसारखे स्वर घेते खरी, पण चाल झुलत नाही. दोष कुणाचा नाही, वेगाचा धर्मच तसा.

सर्फ रॉकची गोष्ट थोडक्यात. 'सुर्फेर कालावेरा' हे नाव वाचून जे डोळ्यांसमोर येतं तेच तिथे आहे, फक्त लाटा जास्त खवळलेल्या. सर्फ गिटारचा हात एका तारेवर भराभर वरखाली चालतो, त्यामुळे स्कँक जिथे बसायचा ती मधली जागा भरूनच जाते. स्काला मोकळी जागा लागते, सर्फला ती सहन होत नाही. दोघं एका वेळी राहू शकत नाहीत, पाळीनं येऊ शकतात. हे गाणं जोरकस आहे, पण अल्बमच्या मोठ्या प्रश्नात फारशी भर घालत नाही.

आता गिटारच्या आवाजाबद्दल, कारण असा प्रयोग करणारे नवे बँड इथेच हमखास घसरतात. समजा लय मिनिटाला १६० ठोक्यांची आहे. एक ठोका ३७५ मिलिसेकंदांचा झाला. स्कँकचा फटका त्यातला जेमतेम चौथा हिस्सा वाजतो, उरलेला वेळ शांतता. ती शांतता हाच अर्धा ताल. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका आणि जड करणारी सोय, लावलं की काय होतं? ते हळू आवाज उचलतं आणि मोठा आवाज दाबतं, त्यामुळे तारेवरून हात उठला तरी शेपूट रेंगाळत राहतं, शांततेची जागा घरघरीनं भरते आणि फटक्याला धार उरत नाही. म्हणून जड भागांत गिटारनं स्कँक मारायचाच नसतो. तो कीबोर्डकडे किंवा स्नेअरकडे सोपवायचा आणि गिटारनं फक्त रगडायचं. हा अल्बम ऐकताना एकदा फक्त एवढंच ऐका: सम मात्रा या क्षणी कुणाच्या ताब्यात आहेत? गिटारकडून कीबोर्डवरच्या ऑर्गनकडे, ऑर्गनकडून स्नेअरकडे, तिथून ब्रासच्या तुटक फुंकरीकडे. हा ताबा हातोहात फिरत राहतो, आणि तो जेव्हा कुणाच्याच हातात नसतो तेव्हा गाणं स्का राहिलेलं नसतं.

हे स्वतः वाजवून बघायचं असेल तर गिटारवाल्यानं फक्त वरच्या तीन-चार तारा वापराव्यात. खालच्या जाड तारा मध्ये आल्या की बासच्या पायात पाय अडकतो. फटका मारल्याबरोबर डाव्या हाताची बोटं सैल करायची, तारा सोडायच्या नाहीत. पूर्ण सोडल्या तर मोकळ्या तारा वाजतात, दाबून ठेवल्या तर सूर लांबतो. साफ आणि जड आवाजासाठी पायाखाली एकच बटण ठेवा आणि ते वळणाच्या एक मात्रा आधी दाबा. बरोबर समेवर दाबायला गेलात तर पाय उशिरा पडतो आणि पहिला फटका जुन्याच आवाजात निघून जातो.

ब्रासची फळी तीन जणांची, आणि तीन हा आकडा अडचणीचा आहे. दोघे असले तर दोन स्वर, चौघे असले तर भरगच्च साथ, तिघांत प्रत्येकाचा स्वर उघडा पडतो. साधी व्यवस्था अशी असते: ट्रम्पेट वर, सॅक्सोफोन मध्ये, ट्रॉम्बोन खाली. ट्रॉम्बोनला जास्त खाली नेलं तर तो बासवर चढतो. सॅक्सोफोन आणि गिटार यांचा पट्टा बऱ्यापैकी एकच, म्हणून गिटार जड झाली की सर्वात आधी सॅक्सोफोन बुडतो. या अल्बमच्या जड भागांत ते ऐकू येतं, मधला स्वर असतो पण पुसट. सालसाच्या भागांत मात्र तीच फळी तिप्पट मोठी वाटते, कारण गिटार बाजूला होते आणि हवा मोकळी होते.

त्या मोकळ्या हवेचं सर्वोत्तम उदाहरण 'ओय योरे कान्सिओन', म्हणजे 'आज गाणं रडलो'. पाहुणा गायक पनामाचा रुबेन ब्लेड्स, सालसातला मोठा माणूस. पाहुणा केवळ नावासाठी आणलेला नाही. १९९२ च्या 'एल लेओन'मध्ये या बँडनं त्याचंच 'देसापारिसिओनेस' हे बेपत्ता झालेल्या माणसांवरचं गाणं गायलं होतं, आणि माणसं बेपत्ता करणाऱ्या लष्करी राजवटीतून गेलेल्या अर्जेंटिनात त्या विषयाला काय वजन आहे ते सांगायला नको. म्हणजे नातं आधीपासूनचं. इथे विसेन्तिकोचा खरखरीत, नाकात अडकलेला आवाज आणि ब्लेड्सचा मोकळा, शब्द सोडवून सांगणारा आवाज शेजारी उभे राहतात. ब्लेड्स क्लावेच्या आघातांना टाळून शब्द टाकतो आणि वेळेवर परत येतो. विसेन्तिको आघातांवर टेकून गातो. एकच चाल, दोन शाळा. सालसा घोटलेल्या माणसाला हे गाणं अस्सल वाटेल का? बँडचा ठेका थोडा जड आहे, रॉकच्या ड्रमची सवय पूर्ण सुटलेली नाही. पण म्हणूनच ते या अल्बमचं वाटतं.

'कालावेरास इ दियाब्लितोस' हे अल्बममधलं सगळ्यात लोकप्रिय झालेलं गाणं. कवट्या आणि छोटे सैतान. सांगणं साधं: प्रेम केल्याशिवाय मरायचं नाही, आणि प्रेमापायी मरायचंही नाही. संथ, गोड, रेगेच्या अंगानं जाणारं. अवघड अल्बममध्ये असं एखादं सोपं गाणं हवंच, पण ते सोपं म्हणून कमी प्रतीचं नाही. वर सांगितलेली ३, ७, ११, १५ ची जागा इथे शांतपणे ऐकायला मिळते. ती एकदा कानात बसली की मग बाकीच्या गोंधळात तीच जागा पुन्हा पुन्हा ओळखता येते. नवख्या श्रोत्यानं इथून सुरुवात करावी, मग 'ओय योरे कान्सिओन', मग 'पियात्सोला', आणि त्यानंतरच 'एल मुएर्तो'पासून सगळा अल्बम क्रमानं. उलट केलंत तर अर्ध्यावर बंद करण्याची शक्यता मोठी.

'साबातो' हे गाणं अर्जेंटिनाचे कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या नावाचं. 'एल कार्निसेरो दे खिलेस' म्हणजे खिलेस गावचा खाटीक. साहित्यिक, संगीतकार, खाटीक, कवट्या असा सगळा मेळा आहे. स्पॅनिश न कळणाऱ्यानं भाषांतर शेजारी ठेवून एकदा तरी ऐकावं. कारण चालींची वळणं बऱ्याचदा शब्दांमुळे आहेत. बोलणारा बदलला, भीती वाटली, स्वप्न सुरू झालं की ताल बदलतो. शब्द न समजता ऐकलं तर तेच बदल उगाच केलेले वाटतात. मात्र भाषांतर समोर ठेवूनही काही ओळींचा पत्ता लागत नाही, आणि तिथे ऐकणाऱ्याची चूक नाही. दोन-तीन जागी शब्द गूढ राहावेत म्हणूनच गूढ ठेवल्यासारखे आहेत.

ऐकायची सोय कशी करावी यावर थोडं, कारण हा अल्बम चुकीच्या जोडणीवर विनाकारण वाईट ठरतो. हळू आणि मोठ्या भागांतली तफावत बरीच आहे. व्हॉल्यूम शांत भागावर लावलात तर जड भाग अंगावर येतो, मग लोक आवाज कमी करतात आणि पुढच्या शांत भागात काहीच ऐकू येत नाही. आधी 'एल मुएर्तो'चा सर्वात दणदणीत भाग लावून आवाज ठरवा आणि मग हात लावू नका. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर शफल बंद, एका गाण्यात दुसरं मिसळणारा क्रॉसफेड शून्यावर, आणि प्रत्येक गाण्याची पातळी सारखी करणारी सोय बंद. ती सोय शांत गाणी फुगवते आणि जड गाणी दाबते, मग तफावतीवर उभा असलेला अल्बम सपाट होतो.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नका. बास गिटारची सर्वात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची. हातात मावणारे बहुतेक स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत. मग फ्लाविओच्या ओळींतला मूळ स्वर गळतो, फक्त वरची टकटक उरते, आणि टँगोचं ३-३-२ कोण धरून आहे ते कळेनासं होतं. बरे हेडफोन पुरतात. बास वाढवायची गरज नाही. वाढवलाच तर बास ड्रमही फुगतो आणि वेगवान भागांत दोघांचा लगदा होतो. आवाज टोचत असेल तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल कमी करा. गिटार आणि ट्रम्पेट दोघंही तिथेच गर्दी करतात.

सीडीच्या काळात घडवलेला हा अल्बम आहे, म्हणून सीडी हा सगळ्यात बिनधास्त पर्याय. तबकडीची एखादी आवृत्ती हाती आली तर एक तपासा: संगीत एका तबकडीवर कोंबलंय की दोनवर पसरलंय. एका बाजूला २०-२२ मिनिटांपेक्षा जास्त भरलं की खाचा जवळजवळ येतात, आवाजाची पातळी आणि बास दोन्ही कमी करावे लागतात, आणि आतल्या खाचांवर ब्रास फाटते. इतक्या ब्रासच्या अल्बमला ते परवडत नाही.

उणिवा सांगायच्या तर पहिली लांबीची. दोन गाणी कमी असती तर बरं झालं असतं. 'इल पाखारितो'सारखी गंमत एकदा ऐकायला ठीक. दुसरी, जड भागांत विसेन्तिकोचा आवाज गिटारच्या मागे राहतो आणि त्याच्या आवाजातली खरी करामत, गाण्यातून बोलण्यात आणि बोलण्यातून ओरडण्यात सरकणं, तिथेच झाकली जाते. तिसरी, तोतो रोत्ब्लातची तालवाद्यं. सालसात ती ठसठशीत आहेत, पण हार्डकोरच्या भागांत त्यांना काम जवळपास नाही. दोन तालवादक असलेल्या बँडनं त्या जोडांवर दोघांनाही कामाला लावलं असतं तर कापून जोडलेल्या जागा कमी झाल्या असत्या.

ज्यांना नाचायला स्का हवाय त्यांनी हा घेऊ नये. 'वासोस वासिओस' घ्या, त्यात बँडची ओळख करून देणारी बहुतेक गाणी एकत्र मिळतात. चकचकीत, पाहुण्यांनी भरलेला, सोपा अल्बम हवा असेल तर 'रेय आसूकार'. 'कालावेरा' आवडला आणि पुढे हे लोक कुठे गेले ते बघायचं असेल तर १९९९ चा 'ला मार्चा देल गोलासो सोलितारिओ'. तिथे जडपणा बराच उतरलेला आहे आणि शिवण जास्त नाजूक आहे, पण दचकवणारी जागा सापडत नाही. स्वतः बँड चालवणाऱ्यांनी मात्र आधी 'कालावेरा'च घ्यावा, ड्रमरला हेडफोन द्यावेत आणि सम मात्रांचा ताबा कुणाकडे आहे ते गाण्यागणिक कागदावर लिहून काढायला सांगावं. 'एल मुएर्तो'लाच पान भरतं.